पडद्याकडे पाठ

आमच्या महोत्सवात सगळे लोक पडद्याकडे तोंड करून बसत आणि मामाजी लोकांकडे तोंड करून. पडद्याच्या डाव्या बांबूजवळ त्यांची लाल प्लास्टिकची खुर्ची असे. खुर्चीची पाठ पडद्याला, मामाजींची पाठ खुर्चीला, आणि डोळे समोर बारदान्यावर, म्हणजे अंथरलेल्या रिकाम्या पोत्यांवर, बसलेल्या केशोरी गावावर. सिनेमा सुरू झाला की ते खांद्यावरचा दुपट्टा मांडीवर घेत, पुढे वाकत आणि एकेक चेहरा न्याहाळू लागत. महोत्सव त्यांनीच सुरू केलेला, पण त्यातला एकही सिनेमा त्यांनी धड पाहिला नव्हता. कुणी विचारलं, "कसा होता मामाजी?" तर म्हणत, "मले काय मालूम? तुमचं तोंड त चांगलं दिसत होतं."

मामाजी हे त्यांचं खरं नाव नव्हे. ऐन उमेदीची वर्षं त्यांनी नाटकात नायिकेच्या मामाचं काम केलं, म्हणून अर्जुनीपासून पार वडशापर्यंत सगळे त्यांना मामाजी म्हणत. वयानं मोठी माणसंही म्हणत. त्यामुळे त्यांची बायको आपोआप मामीजी झाली, आणि तिला ते मुळीच पसंत नव्हतं. "माहं लगन मानसासंगं लागलं होतं, मामासंगं नाही," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सुनावत असे.

आमच्या झाडीपट्टीत, विदर्भाच्या पूर्व टोकाला, दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते. लेकी-जावई येतात, बाजार भरतो आणि नाटक होतं. नाटक नसेल तर त्या गावची मंडई कुणी हिशेबात धरत नाही. या नाटकांचा एक नियम आहे. तो कुणी केला माहीत नाही, पण मोडतही कुणी नाही. नायक पाठ्यपुस्तकासारखं बोलतो. नायिका तसंच बोलते. खलनायकसुद्धा शुद्ध मराठीत धमक्या देतो. मरायची वेळ आली तर माणसं शुद्धच मरतात. आमच्या झाडीबोलीत बोलणारा नाटकात एकच असतो, हसवणारा. नायिकेचा मामा, नाहीतर घरगडी, नाहीतर दारुड्या. तो नुसतं "काऊन गा?", म्हणजे "का रे?", म्हणाला की मांडव हसतो. समोर बसलेले सगळे घरी जाऊन एकमेकांना हेच विचारतात, तेव्हा कुणाला हसू येत नाही.

मामाजींनी हे काम इतकं चांगलं केलं की ते पुढे त्यांच्या अंगालाच चिकटलं. बाजारात त्यांनी "आलू कसे देऊन राहिला गा?" विचारलं की आलूवाला हसता हसता वर दोन आलू जास्त टाकी. इथपर्यंत ठीक होतं. पण एकदा अर्जुनीच्या डॉक्टरांना ते म्हणाले, "साहेब, पोटात आगीवानी होऊन राहिलं," तर डॉक्टर खुर्चीत मागे रेलून हसले. कंपाउंडर हसला. बाहेर बाकावर बसलेले पेशंट हसले. सगळे खूश झाले आणि तपासायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी मामीजी जाऊन गोळ्या घेऊन आल्या.

मामीजी कधी हसत नसत. नाटकातही नाही. सगळं गाव गडाबडा लोळत असलं तरी बायकांच्या घोळक्यात ही एक बाई तांदूळ निवडायला बसल्यासारखं तोंड करून बसलेली असे. मामाजी म्हणत, "साऱ्या जिल्ह्यात माह्यावर न हासनारी एकच बाई होती. तेच माह्या घरी आली."

माझा सौंदडला फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, बारसं, लग्नाचं शूटिंग. मामाजी पहिल्यांदा आले तेव्हा मी एका लग्नाचं एडिटिंग करत बसलो होतो. केशोरीहून अर्जुनीला येऊन पुढे ते रेल्वेगाडीने आले होते. न विचारता स्टूल ओढून बसले आणि माझ्या स्क्रीनकडे बघू लागले. मुलीच्या बिदाईचा प्रसंग होता. धंद्याच्या रिवाजाप्रमाणे मी मूळ आवाज बंद करून वर हिंदी गाणं टाकलं होतं.

"नवरीचं तोंड हालून राहिलं," मामाजी म्हणाले. "काय म्हनून राहिली ते?"

"रडून राहिली, मामाजी."

"रडून त राहिलीच. पन म्हनून काय राहिली?"

मी गाणं काढलं, आवाज चालू केला. नवरी आईच्या गळ्यात पडून म्हणत होती, "माय वो, माह्या कोंबड्याइले दाना कोन टाकल?" मला खुदकन हसू आलं. मामाजींना आलं नाही.

"पाहा," ते म्हणाले. "तुमालेबी आलं. कोंबड्याइले दाना टाकनं हासन्याची गोठ आहे का?"

मी म्हणालो, नाही. पण गाणं नसलं तर पार्टीला व्हिडिओ पसंत पडत नाही. मामाजींनी मान हलवली आणि आपल्या कामाकडे वळले. त्यांना माझा प्रोजेक्टर हवा होता. केशोरीला मंडईच्या दुसऱ्या दिवशी सिनेमे दाखवायचे होते, आपल्या भागात बनलेले, आपल्या बोलीतले. चित्र किती मोठं पडतं ते विचारलं. मी हात पसरून दाखवलं. त्यांचं समाधान झालं नाही. "मानसाचं तोंड बैलाएवढं दिसलं पाहिजेन," ते म्हणाले. त्या दिवसापासून मी या महोत्सवात ओढला गेलो, तो आजपर्यंत.

त्यांना काय हवं होतं ते त्यांनी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं. केशोरीच्या लोकांसमोर कुणीतरी झाडीबोलीत रडावं आणि लोकांनी हसू नये. बस. "मी लोकाइचे कान खराब केले," ते म्हणत, "आता मीच दुरुस्त करून देतो." मग नाटकच का करत नाही, असं मी विचारलं. "नाटकात नाही जमत. तठी मी राहतो. मले पाहून हासतात. सिनेमात मी कोठी राहतो?" हे मला पटलं होतं. त्यात काय चूक आहे ते पुढे कितीतरी वर्षं आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

कान दुरुस्त करायची ही हौस कुठून आली ते मामीजींनी सांगितलं. त्या तेव्हा पडदा शिवत होत्या. मांजरपाटाच्या चार पट्ट्या जोडून शिवलेला आमचा पडदा, शिवण अशी बारीक की प्रोजेक्टरच्या उजेडातही दिसत नसे. सुईत दोरा ओवता ओवता, कढी कशी करायची ते सांगावं तशा आवाजात त्या बोलत होत्या. मामाजींची आई गेली तेव्हा ते दौऱ्यावर होते. निरोप मिळाल्यावर धावत आले. ओसरीवर आईला ठेवलं होतं, अंगणात सारं गाव. मामाजी तिच्या पायाशी बसले आणि ओरडले, "माय वो, माह्यासंगं न बोलता काऊन गेलीस?"

"अन् कोनीतरी हासलं," मामीजी म्हणाल्या. "मग दुसरं हासलं. पदर तोंडात घालून बायका हासल्या. कोनाच्या मनात वाईट नोतं. सवयच तशी लागली ना. ह्याइनं तोंड उघडलं की हासाचं."

"मग?"

"मग काय? चूप झाले. माती देताना बी रडले नाही. तेरवी झाली, नाटकवाल्याइले सांगतलं, माह्या जागी दुसरा मामा पाहा."

त्यांनी दोरा दातांनी तोडला आणि पडदा माझ्या अंगावर टाकला. घडी घाला म्हणाल्या.

महोत्सव म्हणजे बाजाराच्या ओट्यासमोरचं मैदान, चार बांबू, मामीजींचा पडदा, माझा प्रोजेक्टर आणि बसायला बारदाना. बारदाना गोंदियाच्या एका राइस मिलवाल्या शेठकडून यायचा. सिनेमे आणणारी पोरं गोंदिया, भंडारा, चंद्रपुराकडची. कुणी मोबाइलवर काढलेले, कुणी भाड्याच्या कॅमेऱ्यावर, कुणी लग्नाच्या शूटिंगमधून वेळ काढून. काही सिनेमे बरे असत. बरेचसे नसत. मामाजी सगळ्यांना बोलावत. "सुरुवातीले माहा मामा बी खराबच होता," असं त्यांचं म्हणणं.

केशोरीत लॉज नाही, त्यामुळे सिनेमावाल्यांना घराघरांत उतरवायची पद्धत पडली. त्यात मामाजींचा डाव होता. "पाव्हना ज्या घरी जेवला, त्या घरच्याइले त्याच्या सिनेमातून उठून जाता येत नाही," ते म्हणत. झालंही तसंच. जेवू घातलेल्या पाहुण्याचा सिनेमा म्हणजे घरचा सिनेमा. त्याचं नाव पडद्यावर आलं की ते घर शिट्ट्या वाजवी. दुसऱ्या घरच्या सिनेमाला तेच घर जांभया देई. भंडाऱ्याच्या एका पोराला तर यजमानांनी इतकं जेवू घातलं की तो स्वतःच्याच सिनेमात झोपला, आणि घरच्यांनी त्याला उठवलं नाही, दमला असेल म्हणून.

एका वर्षी परीक्षक म्हणून नागपूरहून एक प्राध्यापक आले. परीक्षक म्हणजे काय ते त्यांच्या यजमानांना कुणी सांगितलं नव्हतं. पाहुणा आहे म्हणजे त्याचा सिनेमा असणारच, असं घरच्यांनी धरलं. शेवटचा सिनेमा संपला, लोक बारदाना झटकू लागले, तेव्हा त्या घरची म्हातारी तरातरा मामाजींच्या खुर्चीपाशी गेली. "आमच्या पाव्हन्याचा काऊन नाही दाखवला? आमचा का कोंबडा खराब होता?" समजावून सांगायचा उपयोग झाला नाही. अखेर प्राध्यापकांना प्रोजेक्टरच्या उजेडात उभं करून हात हलवायला लावला. त्या घरानं शिट्ट्या वाजवल्या आणि म्हातारी घरी गेली.

गोंदियाचे शेठ दरवर्षी यायचे, पहिल्या रांगेत खुर्चीवर बसायचे आणि जाताना तेच बोलायचे. "मामाजी, गोंदिया ले आओ ना इसको. हॉल है, एसी है, प्रेसवाले भी आएंगे. यहाँ तो लोग रोने के सीन पे हँसते हैं." मामाजी हात जोडून म्हणत, "म्हनूनच त अठी करतो, शेठजी. तुमच्या हॉलमंदी कोनी हासनार नाही, कोनी रडनार बी नाही." शेठ मान हलवत गाडीत बसत. पुढच्या वर्षी बारदाना मात्र वेळेवर पाठवत.

लोक रडण्याच्या प्रसंगाला हसतात, हे शेठ म्हणत ते खरं होतं. दरवर्षी कोणत्या ना कोणत्या सिनेमात कुणीतरी झाडीबोलीत रडे आणि मैदान हसे. मामाजी खुर्चीतून पाहत असत. दुसऱ्या दिवशी ते हसणाऱ्याच्या दारात हजर. "काल ते बाई रडून राहिली होती अन् तू हासलास. काऊन?" तो माणूस मामाजींच्या तोंडाकडे बघून पुन्हा हसे. मामाजी ऐकून घेत, चहा पीत आणि पुढच्या दारी जात. महोत्सव आवरताना माझ्याजवळ येऊन म्हणत, "यंदा बी नाही." मी वायरी गुंडाळत असे.

मग प्रणाली आली. ही सौंदडचीच पोरगी, माझ्या ओळखीतली. नागपुरात शिकते, बोलायला फटकळ. तिनं वीसेक मिनिटांचा एक सिनेमा केला होता. नवरा गेलेली एक बाई, दिवस उरकतात न उरकतात तोच रोवण्याला, भाताच्या लावणीला जाते, कारण धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, कुणासाठी थांबत नाहीत. इतर बायका गाणी म्हणतात, ही गप्प रोवत राहते. संध्याकाळी सगळ्या बांधीतून, भाताच्या खाचरातून निघतात, ही निघत नाही. शेजारीण हाक मारते तेव्हा चिखलात उभी राहून म्हणते, "आता घरी जाऊन कोनाले वाढू वो?" काम केलं होतं प्रणालीच्या सख्ख्या आत्यानं. ती नटी नव्हती. तिला नुसतं उभं राहून बोलायला सांगितलं होतं.

सिनेमा मी आधी पाहिलेला होता. ते वाक्य आलं तेव्हा स्टुडिओत मी उगाच माउस पुसत बसलो होतो. मामाजींना सांगितलं, यंदा होणार. ते वाक्य केशोरीत आलं आणि मैदान खो खो हसलं. मामाजी खुर्चीत पुढे वाकलेले तसेच राहिले. त्या दिवशी ते "यंदा बी नाही" म्हणायलासुद्धा माझ्याकडे आले नाहीत.

प्रणाली मामाजींच्याच घरी उतरली होती. सकाळी मी सामान घ्यायला गेलो तर मामीजी पोहे वाढत होत्या आणि मामाजी तिची समजूत काढत होते. सिनेमा चांगला आहे, लोकांचे कान खराब आहेत, दोष माझा आहे, वगैरे. प्रणालीनं ताटली खाली ठेवली.

"मामाजी, दोष तुमचाच आहे," ती म्हणाली. "मी काल पडदा नाही पाहिला. मी बी लोकाइकडेच पाहून राहिली होती. लोक माह्या आत्यावर नाही हासले. तुमच्या तोंडावर हासले."

मामीजींनी मामाजींच्या ताटलीत आणखी पोहे टाकले. "मी त कवाची म्हनून राहिली, ते खुर्ची हटवा," त्या म्हणाल्या.

मामाजींना ते पटलं नाही. पटायचं कारणही नव्हतं, ते तर गप्प बसलेले असत. चार-आठ दिवसांनी ते सौंदडला आले. आठवण म्हणून मी दरवर्षी लोकांच्या मागच्या ओट्यावर एक कॅमेरा लावून ठेवतो, त्यात सगळं मैदान येतं, हे त्यांना माहीत होतं. म्हणाले, दाखवा. मी प्रणालीच्या सिनेमाची वेळ काढून लावलं.

मैदान दिसत होतं, बारदान्यावरची माणसं, आणि कोपऱ्यात लाल खुर्ची. माझं चित्र पडद्याहून थोडं मोठं पडे. त्याची डावी कड कापडावरून सांडून सरळ मामाजींच्या तोंडावर येई. सगळ्या मैदानात उजळलेला चेहरा एकच, त्यांचा. बाई चिखलात उभी राहिली, तसे त्यांचे डोळे मोठे झाले. आता कुणी हसेल का, या काळजीनं भुवया वर गेल्या. मान बगळ्यासारखी पुढे आली. आणि बाईच्या बरोबर त्यांचेही ओठ हलले, "कोनाले वाढू वो." नाटकात विनोद टाकायच्या आधी मामा नेमकं हेच तोंड करत असे. त्या तोंडावर केशोरी पिढीभर हसत आली होती. कॅमेऱ्यातलं मैदान हसलं.

आणि माझ्या शेजारी स्टुलावर बसलेले मामाजीही हसले.

चांगले मोठ्यानं हसले. मग तोंडावर हात ठेवला. स्क्रीनवर लोक हसतच होते, मी आवाज बंद केला.

"मले बी हासू आलं गा," ते हाताआडून म्हणाले.

मला त्यांचं फार वाईट वाटलं. अशा वेळी खांद्यावर हात ठेवावा, पण आमच्यात तशी रीत नव्हती. मी चहा मागवला. चहा पिऊन ते उठले, गाडीची वेळ झाली होती.

पुढच्या मंडईला त्यांनी प्रणालीचा सिनेमा पुन्हा लावायचं ठरवलं. मंडईच्या मंडळातल्या लोकांनी कुरकुर केली. जुनाच सिनेमा काऊन? एखादा ऑर्केस्ट्रा आणू, पोरं नाचतील तरी. "लोकाइनं तो पाहिला कोठी?" मामाजी म्हणाले. "त्याइनं माहं तोंड पाहिलं." यावर सगळे हसले आणि हसता हसता हो म्हणाले. नंतर मला एकट्याला गाठून मामाजींनी सांगितलं की यंदा जमलं नाही तर पुढच्या वर्षी ऑर्केस्ट्राच आणायचा. पडदा मामीजी उशांना खोळी शिवायला वापरतील.

त्या संध्याकाळी डाव्या बांबूजवळ लाल खुर्ची नव्हती. लोकांना चुकल्यासारखं झालं. "मामाजी कोठी गेले?" असं दोघा-तिघांनी मला विचारलं. बरं नाही म्हणून सांगितलं. खरं तर ते पडद्यामागे बसले होते, अंधारात, स्पीकरच्या खोक्यापाशी. प्रणालीनं मी प्रोजेक्टर सांभाळते म्हणून मला मागे पाठवलं. मामाजींना एकटं सोडायला तिचं मन होत नव्हतं, आणि प्रोजेक्टरपासून लोकांच्या नुसत्या पाठी दिसत, तेच तिला हवं होतं.

मागून चित्र उलटं दिसतं. तिची आत्या डाव्या हातानं धान रोवत होती. मामाजींनी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तोंड पडद्याकडे केलं होतं, पण डोळे मिटलेले. ते ऐकत होते. पडद्यापलीकडचं मैदान आम्हाला दिसत नव्हतं, नुसतं कानावर येत होतं. पोरं कुरकुरत होती, बांगड्या वाजत होत्या, कुणीतरी शेंगा फोडत होतं. बायकांची गाणी संपली. शेजारणीनं हाक मारली. मामाजींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी हललोच नव्हतो, तरी हलू नका असा.

"आता घरी जाऊन कोनाले वाढू वो?"

शेंगांचा आवाज थांबला. आणखी काहीच झालं नाही. पलीकडे एवढी माणसं बसली आहेत असं वाटेना. मग बायकांच्या बाजूनं नाक ओढल्याचा आवाज आला, त्यानंतर आणखी एक. एक म्हातारा खाकरला आणि खाकरणं मध्येच सोडून दिलं. मामाजींनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली, एखादं बिल बरोबर निघाल्यासारखी. पण गुडघ्यावरचा हात त्यांनी सिनेमा संपेपर्यंत काढला नाही.

बक्षिसं वाटून झाली. प्रणालीला टाळ्या पडल्या, त्यात तिच्या यजमानांच्याच नव्हे तर सगळ्या घरांच्या होत्या. सरपंचांनी माइकवरून हाक मारली, मामाजी असतील तिथून या, दोन शब्द बोला. मामाजी पडद्यामागून निघाले. दुपट्टा बांबूला अडकला आणि त्यावरच पहिला हशा झाला.

त्यांनी माइक घेतला. समोर त्यांचं नेहमीचं मैदान होतं, सगळे चेहरे ओळखीचे.

"माही माय गेली तवा," ते म्हणाले, आणि लोक हसले.

थोड्या वेळापूर्वी त्याच बोलीत, तसल्याच दुःखाला हीच माणसं गप्प बसली होती. वाईट त्यांच्यातलं कुणी नव्हतं. पण मला त्यांचा राग आला, आणि केशोरीत मला राग येण्याची ती पहिलीच वेळ. मामाजी थांबले. त्यांच्या भुवया हळूहळू वर जायला लागल्या. ते काय करणार ते मला कळलं. एक विनोद टाकला असता तर सगळे खूश झाले असते, तेही सुटले असते, आणि आम्ही बारदाना गोळा करायला लागलो असतो.

तेवढ्यात बायकांमधून मामीजी उभ्या राहिल्या. तांदूळ निवडायला बसल्यासारखं तेच तोंड.

"काऊन थांबले जी? बोला. मी ऐकून राहिली."

त्यावरही लोक हसले. मामीजी बसल्या नाहीत.

मामाजींनी माइक दोन्ही हातांनी धरला आणि मामीजींकडे बघून सांगायला लागले. निरोप कसा आला, कसे धावत आले, ओसरीवर आईला कसं ठेवलं होतं. मामीजींना हे सगळं माहीत होतं, त्या तिथंच होत्या. तरी मामाजींनी त्यांनाच सांगितलं. आणि ज्या वाक्यापाशी त्या दिवशी रडणं अर्धं राहिलं होतं तेही म्हटलं, जसं म्हटलं होतं तसंच, "माय वो, माह्यासंगं न बोलता काऊन गेलीस?" शेवटच्या शब्दाला आवाज फाटला आणि स्पीकर करकरला.

तेव्हा किती लोक हसले आणि किती गप्प बसले, ते मी पाहिलं नाही. मामाजींनीही पाहिलं नाही.